पंडित माधवराव सप्रे : अनुताप आणि सावधानता

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला अर्जुनविषादयोग असे नाव आहे. ज्या अध्यायात भगवंतांचा उपदेश अद्याप सुरूही झालेला नाही, एका वीराचे गळालेले हात, कोरडे पडलेले मुख आणि भ्रमलेले मन एवढेच ज्यात वर्णिले आहे, त्यालाही योग म्हणावे याचे पुष्कळ वाचकांस नवल वाटते. परंतु ज्याच्यावर तसा प्रसंग एकदा येऊन गेला आहे त्याला या नावाचे मर्म सहज उमगेल. खचलेले मन योग्य स्थळी शरण गेले आणि ऐकावयास सावध झाले, तर तो विषादच पुढील सतरा अध्यायांचे द्वार होतो. तसे न झाले तर तो विषादच राहतो आणि वाळवीप्रमाणे मनुष्याला आतून पोखरून टाकतो. आज ज्या रायपूर नगरीत छत्तीसगड राज्याची राजधानी आहे, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी एक मराठी गृहस्थ राहत असत. त्यांच्या आयुष्यात हे दोन्ही रस्ते एकाच क्षणी समोर येऊन उभे राहिले होते. त्यांचे नाव पंडित माधवराव सप्रे. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. मराठी घरांतून मात्र त्यांची आठवण व्हावी तितकी होत नाही.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत व आईचे लक्ष्मीबाई. घराणे मूळचे कोकणातले. पोटापाण्यासाठी मध्य प्रांतात आलेल्या अनेक मराठी कुटुंबांपैकी ते एक होते. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगडावर बसली, ती १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा करीपर्यंत टिकली. त्या शतकभरात व त्यानंतरही कारकून, शिक्षक, वकील, पुजारी अशा नात्यांनी मराठी माणसे बिलासपूर-रायपूरकडे स्थिरावली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि शाळेत हिंदी असा त्यांचा सहज व्यवहार असे. माधवरावांचे प्राथमिक शिक्षण वडील बंधू बाबूराव यांच्या आधाराने बिलासपुरास झाले आणि पुढे ते रायपूरच्या शाळेत आले. तेथील शिक्षक नंदलाल दुबे यांनी त्यांच्या मनात हिंदीचे जे प्रेम पेरले ते आयुष्यभर फळत राहिले. जबलपूर, ग्वाल्हेर व नागपूर येथे खंडित स्वरूपात शिक्षण घेत १८९८ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी उत्तीर्ण झाले. त्या काळी या पदवीला सरकारी नोकरीचा दरवाजा सताड उघडा असे. माधवराव त्या दरवाजाने आत गेले नाहीत. पेंड्रा येथील राजकुमारांचे शिक्षक म्हणून त्यांनी साधी नोकरी पत्करली.

त्या आडगावातूनच, मित्र रामराव चिंचोलकर व वामन बळीराम लाखे यांच्या साहाय्याने, जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. छापखाना जवळ नाही, वाचक विखुरलेले, वर्गणी वेळेवर येत नाही, अशा स्थितीत ते तीन वर्षे चालले. याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. एका गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ती कथा हिंदीतील पहिली कथा होय, असे कित्येक अभ्यासक मानतात. मासिक बंद पडल्यावर ते नागपुरास गेले, तेथे हिंदी ग्रंथमाला सुरू केली, आणि लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तील विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचावेत म्हणून १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले.

येथपर्यंतचे चरित्र एका कष्टाळू, निःस्पृह देशभक्ताचे आहे आणि तसे आणखीही पुष्कळ झाले. १९०८ साली जे घडले त्यामुळे ते निराळे झाले.

त्या वर्षी २४ जूनला लोकमान्यांना अटक झाली आणि २२ जुलैला त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली. ती त्यांनी पुढे ब्रह्मदेशातील मंडाले येथील तुरुंगात भोगली. बरोबर एका महिन्याने, २२ ऑगस्ट रोजी, ‘हिंदी केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या १२४ अ या कलमाखाली माधवरावांनाही नागपुरात पकडण्यात आले. तुरुंगातील हालांनी ते डगमगले असे कोणी म्हणत नाही. पेच घरातून आला. वडील बंधूंनी, ज्यांनी पित्याच्या मायेने त्यांना वाढविले होते, क्षमापत्र लिहून देण्याविषयी पराकाष्ठेचा आग्रह धरला. न लिहिल्यास आपण जीव देऊ असे त्यांनी कळविल्याचे सांगतात. एकीकडे व्रत, दुसरीकडे बंधूचे प्राण. माधवरावांनी क्षमापत्रावर सही केली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते सुटून बाहेर आले.

ही सही योग्य होती की अयोग्य, याचा निवाडा आज कोणी आरामखुर्चीत बसून करू नये. कुटुंबवत्सल गृहस्थाला असे पेच कसे पडतात हे गृहस्थाश्रमी वाचकांस सांगावयास नको. अर्जुनाचाही पेच तत्त्वतः याच जातीचा, स्वजनांच्या मायेतून उद्भवलेला होता. बाहेरच्या जगाने माधवरावांना काय म्हटले असेल त्याची कल्पना करता येते. ज्यांनी त्यांना नेता मानले होते त्यांपैकी काहींनी तोंड फिरविले. परंतु त्यांना अधिक जाळले ते स्वतःच्या मनाने. ज्या लोकमान्यांची वाणी आपण हिंदीत नेली ते मंडालेच्या कोठडीत आहेत आणि आपण घरी आहोत, हा विचार त्यांची पाठ सोडीना. पादत्राणे सोडून, भिक्षेच्या अन्नावर त्यांनी काही काळ काढला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

अनुताप आणि अनुतापाची रवंथ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घडलेली चूक ओळखून पुढील वर्तन बदलविणारा पश्चात्ताप हा धर्मशास्त्रांनीही प्रायश्चित्ताचा आरंभ मानला आहे. पण तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणणे, मी तेव्हा असे का केले, तसे केले असते तर काय झाले असते, लोक आता काय म्हणत असतील, हे चक्र उठता-बसता फिरवीत राहणे, यात चित्तशुद्धी नाही. बाहेरून ते तपासारखे दिसते, म्हणून अधिक फसवे असते. गीतेच्या अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगताना, ज्या धारणेने मनुष्य झोप, भय, शोक व विषाद यांना घट्ट धरून ठेवतो, सोडीत नाही, तिला तामसी म्हटले आहे. शोक धरून ठेवण्यालाही एक प्रकारचे बळ लागते, आणि ते वाया जाते, हे भगवंतांनी किती बारकाईने पाहिले आहे! सहाव्या अध्यायात तर स्वतःच स्वतःला खाली लोटू नये असे स्पष्टच बजावले आहे. देहदंडाच्या त्या दिवसांत माधवराव अशा कड्यावर उभे होते.

त्यांना तेथून मागे आणले ते वर्ध्याचे रामदासी सत्पुरुष श्रीधर विष्णु परांजपे यांनी. वर्ध्याच्या हनुमानगडावर माधवराव त्यांच्या सान्निध्यात वर्षाहून अधिक काळ राहिले. तेथे त्यांना कोणताही गूढ मंत्र मिळाला नाही. मिळाला तो श्रीसमर्थांचा दासबोध. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांहून अधिक ओव्या. तो वाचावा, पुन्हा वाचावा, त्यावर मनन करावे, आणि शेवटी तो हिंदीत उतरवावा, अशी गुरूंची आज्ञा झाली.

समर्थांच्या चरित्रात सावधान हा शब्द कसा आला ते मराठी घरातील लहान मुलासही ठाऊक असते. लग्नमंडपात तो शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला, अशी परंपरागत कथा आहे. त्या कथेमुळे सावध होणे म्हणजे संसारातून पळणे असा काहींचा समज होतो. दासबोध वाचणाऱ्याचा हा समज टिकत नाही. अकराव्या दशकात समर्थांनी कार्यकर्त्याची लक्षणे सांगताना पहिला मान हरिकथेच्या निरूपणाला दिला, दुसरा राजकारणाला, तिसरा सर्व बाबतींतील सावधपणाला आणि चौथा अखंड प्रयत्नाला. म्हणजे सावधपणा हा कर्माच्या मध्यभागी बसविला आहे. समोर जे चालले आहे त्याचे भान सुटू न देणे, मन भूतकाळात वाहून जाऊ लागले तर ते जाणणे आणि जाणून परत आणणे, हा त्याचा अर्थ. हेच ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात समर्थ तीन तापांचे वर्णन करतात, आणि आध्यात्मिक तापाच्या समासात शरीराच्या व्याधींची लांबलचक मोजदाद करून मनाच्या व्यथाही त्याच पंक्तीत बसवितात. मनाच्या दुःखाला दुखणे म्हणण्यास त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत हा कमीपणा वाटतो, हे खेदाने म्हणावे लागते.

श्रवण आणि मनन यांनी माधवरावांच्या चित्तात काय पालट झाला हे बाहेरून सांगता येणार नाही. परंतु भाषांतराचे काम ज्याने कधी मन लावून केले आहे त्याला त्याचा काहीसा अदमास बांधता येईल. ओवी वाचावयाची, तिचा पदच्छेद करावयाचा, समर्थांच्या रांगड्या, झणझणीत मराठी शब्दाला हिंदीत तेवढाच खणखणीत शब्द शोधावयाचा, तो वाक्यात बसतो का पाहावयाचे, न बसल्यास पुसून पुन्हा लिहावयाचे. या कामात मन क्षणभर जरी नागपूरच्या तुरुंगाकडे गेले तरी लेखणी थांबते, आणि थांबलेली लेखणीच मनाला हाक मारून परत बोलावते. दिवसातून शंभर वेळा मन जाते आणि शंभर वेळा ते परत आणावे लागते. चंचल मन जेथे जेथे धावेल तेथून तेथून त्याला आवरून आणावे, असा जो क्रम ध्यानयोगात सांगितला आहे, तो आसनावर बसून साधणारे थोडे. पोथी आणि दौत पुढे ठेवून साधणे गृहस्थाला अधिक जवळचे आहे. यात मनाशी झगडा नाही. वाऱ्याला मुठीत धरण्याइतके मनाला आवरणे कठीण आहे अशी अर्जुनाने तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी ते कठीण असल्याचे मान्य केले आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे हेच पुन्हा पुन्हा परत येणे.

वर्ध्याहून माधवराव रायपुरास परत आले. संन्यास घेऊन ते मठात राहिले नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पत्नी होती, मुले होती, मिळकत तुटपुंजी होती. त्यांनी रायपुरात रामदासी मठ स्थापिला, मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी महिला पाठशाळा काढली, आणि हिंदी दासबोध प्रकाशित झाला. या वर्षांत ते सभा-संमेलनांत दिसले नाहीत. ओळखीच्या लोकांना ते संपले असे वाटले असल्यास नवल नाही.

तिकडे मंडालेस लोकमान्यांनी २ नोव्हेंबर १९१० पासून ३० मार्च १९११ पर्यंत, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, पेन्सिलीने गीतारहस्याचा खर्डा पुरा केला होता. १९१४ च्या जूनमध्ये त्यांची सुटका झाली व पुढील वर्षी तो ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद करण्याचे काम आले ते माधवराव सप्रे यांच्याकडे. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. जो न वाकता सहा वर्षे राहिला त्याचा ग्रंथ, आणि त्याच लढ्यात वाकल्याचे शल्य उरात बाळगणारा अनुवादक! पानोपानी कर्मयोगाचे प्रतिपादन, फळाची आशा सोडून कर्तव्य करीत राहण्याचा उपदेश, आणि ते सर्व आपल्याच हाताने हिंदीत लिहावयाचे. जखम अद्याप ओली असती तर हे काम त्यांच्याने पुरे झाले नसते. एकेक प्रकरण त्यांना डागण्या देत गेले असते. गीतारहस्यात सुखदुःखविवेकाचे स्वतंत्र प्रकरण आहे, तसेच संकल्पविकल्प करणारे मन आणि निश्चय करणारी बुद्धी यांची फोड करणारे प्रकरणही आहे. माधवरावांनी तो संपूर्ण ग्रंथ, पंधरा प्रकरणे, परिशिष्ट आणि श्लोकांवरील टीपा यांसह, अशा स्वच्छ हिंदीत उतरविला की उत्तर हिंदुस्थानातील लाखो वाचकांना लोकमान्यांची गीता प्रथम त्यांच्याच शब्दांतून भेटली. त्यानंतर चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा ‘महाभारत मीमांसा’ हा अनुवाद त्यांनी केला. दासबोध, गीता, महाभारत. आपल्याच दुःखावरचे औषध ते सगळ्या देशासाठी वाटून ठेवीत होते असे आम्हांस वाटते.

या गोष्टीला आता पाश्चात्त्य मानसशास्त्राकडूनही दुजोरा मिळू लागला आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली दीर्घकाळ दुखण्याने पिडलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. श्वासावर, शरीरावर व समोरच्या क्षणावर, चांगले-वाईट न ठरविता, लक्ष ठेवण्याचा तो अभ्यास होता आणि त्याचे मूळ बौद्ध साधनेतील ‘सति’ मध्ये होते. पाली सति म्हणजे संस्कृत स्मृति. पुढे टीस्डेल, सीगल व विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी खिन्नतेच्या रोगाने वारंवार ग्रासलेल्यांसाठी त्याच पद्धतीला अनुसरून उपचार आखला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांना तो विकार तीन किंवा अधिक वेळा होऊन गेला होता त्यांच्यात तो उलटण्याचे प्रमाण या अभ्यासाने लक्षणीय घटले. त्यांचे म्हणणे असे की दुःखद विचार येणे थांबविता येत नाही; तो आला आहे हे ओळखून, त्याच्यामागे न फरफटता, त्याला जाऊ देण्याची सवय लावता येते. विचारांची रवंथ तुटली की रोगाचे खाद्यच तुटते.

स्मृति हा शब्द गीतेच्या वाचकाला नवा नाही. दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून नाशापर्यंतची जी साखळी सांगितली आहे, तीत स्मृतिभ्रंश ही एक कडी आहे. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन आपला मोह गेल्याचे सांगतो तेव्हा स्मृती परत मिळाल्याचीही ग्वाही देतो. बौद्धांची सति आणि गीतेतील स्मृति सर्वस्वी एकच, असा आमचा आग्रह नाही. दर्शने भिन्न आहेत. तरी आपण कोण, आता कोठे आहोत आणि पुढ्यातले कर्तव्य कोणते, याचे भान परत येणे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच मोलाची धरली आहे. येथे एक सूचना केली पाहिजे. माधवरावांना एखादा मनोरोग झाला होता असे म्हणण्यास काही आधार नाही. त्यांचे दुःख एका थोर मनाचे दुःख होते. ज्याची झोप, भूक आणि जगण्याची इच्छाच नाहीशी झाली आहे अशा माणसाला कोणी नुसती पोथी हाती देऊन घरी बसवू नये. त्याला वैद्याकडे न्यावे, आणि पोथीही सोबत असू द्यावी. तीव्र विकाराच्या ऐन भरात एकट्याने ध्यानास बसणे काहींना अपायही करते, असे जाणकार सांगतात. माधवरावांनाही गुरू लागले, सहवास लागला आणि नेमून दिलेले काम लागले.

सार्वजनिक जीवनात ते पुन्हा आले, पण निराळ्या पद्धतीने. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपुरात ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले, त्यामागे प्रेरणा व परिश्रम त्यांचे होते. संपादक म्हणून मात्र नाव तरुण माखनलाल चतुर्वेदी यांचे लागले. ‘छत्तीसगढ मित्र’ आणि ‘हिंदी केसरी’ ज्याने नावारूपास आणले त्याने संपादकाच्या खुर्चीवर पुन्हा बसावयाचे नाही, असा त्यांचा निर्धार दिसतो. याला कोणी स्वतःला दिलेली शिक्षा म्हणेल. आम्हांस ते वैराग्य वाटते, कारण शिक्षा भोगणारा माणूस कामापासून दूर बसतो, आणि माधवराव तर लेख तपाशीत होते, पैसा जमवीत होते, तरुणांना हाताला धरून पुढे आणीत होते. असहकाराच्या चळवळीत १९२१ साली रायपुरात राष्ट्रीय विद्यालय उभे राहिले त्यातही त्यांचा हात होता. ज्याने एकदा हार खाल्ली आहे त्याच्याजवळ तरुणांना काही निराळेच मिळत असावे. एरवी माखनलालजी, सेठ गोविंददास यांच्यासारख्यांनी जन्मभर त्यांचे ऋण मानले नसते.

१९२४ च्या नोव्हेंबरात देहरादून येथे अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे पंधरावे अधिवेशन भरले. त्याचे अध्यक्षपद, पदांपासून दूर राहू पाहणाऱ्या या मराठीभाषक गृहस्थाला स्वीकारावे लागले. ज्याची मातृभाषा हिंदी नाही त्याला हिंदीने दिलेला हा मान होता. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या सहीचा विसर त्यांना पडला होता काय? पडला नसावा. पण ती सही आता त्यांच्या आयुष्यातील अनेक पानांपैकी एक पान झाली होती. तिच्यापुढे हजारो पाने त्यांच्या हाताने लिहिली गेली होती.

प्रकृती पुष्कळ दिवसांपासून ढासळत होती. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, माधवरावांनी देह ठेवला. त्यांच्या नावाची शाळा रायपूरच्या बूढापारा भागात आहे, आणि भोपाळ येथे १९८४ साली स्थापन झालेल्या वृत्तपत्र संग्रहालयालाही त्यांचेच नाव आहे. जुन्या नियतकालिकांच्या जीर्ण संचिका तेथे जपून ठेवल्या जातात. त्यांच्या हातचे हिंदी दासबोध आणि गीतारहस्य अद्यापही छापले जातात, आणि ज्या घरांत ते वाचले जातात त्यांपैकी बहुतेकांना अनुवादकाच्या नावामागची ही हकीकत ठाऊक नसते.